डबा गुरुवारी आण

मार्लिस कोलारनं त्या पोरीच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण गुडघ्यानं ढकलून बंद केला.

"माणूस समोर बसला की त्याच्या तोंडाकडे बघायचं," ती म्हणाली. "पडद्याकडेच बघायचं होतं तर घरी बसायचंस. नाहीतरी तुझी सगळी शाळा घरबसल्याच चाललीय."

"त्यात प्रश्नांची यादी होती, मॅडम."

"यादी बाजाराला जाताना न्यायची असते."

कॅसिडी ऑल्ट गप्प बसली. गप्प बसणं ती ह्या सहा आठवड्यांत शिकली होती, आणि मार्लिसच्या मते तेवढंच शिकली होती. पोरगी अठ्ठावीस वर्षांची. ओमाहाच्या एका त्वचेच्या दवाखान्यात दोन वर्षं तिनं श्रीमंत बायकांच्या कपाळात सुया टोचून आठ्या घालवल्या होत्या आणि आता तिला लोकांच्या डोक्यात शिरायचं होतं. त्यासाठी तिनं आठशे मैलांवरच्या एका विद्यापीठात नाव घातलं होतं. ते विद्यापीठ तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. व्याख्यानं पडद्यावर, परीक्षा पडद्यावर, प्राध्यापकही पडद्यावर, तेसुद्धा खांद्यापर्यंत. दोन वर्षांत पदवी, की झाली मानसिक आजारांवर औषधं लिहून देणारी नर्स. शाळा सगळं पुरवायची, फक्त रुग्ण नाहीत. रुग्णांसमोर बसण्याचे सहाशे तास विद्यार्थिनीनं आपले आपण शोधायचे, म्हणजे कोणातरी अनुभवी नर्सचे पाय धरायचे आणि तिच्या सहीवर जगायचं. कॅसिडीनं चौऱ्याऐंशी जणींना पत्रं लिहिली. पंच्याऐंशीवी मार्लिस.

मार्लिस हो म्हणाली ती काही दयेपोटी नव्हे. ती त्रेसष्ट वर्षांची होती, गुडघे गेले होते, आणि ती घरी बसली की नेब्रास्काच्या त्या तीन काउंट्यांत डोक्याचं औषध लिहून देणारं माणूस उरणार नव्हतं. काउंटीच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, तुझ्यामागे कोणीतरी तयार कर. ते कोणीतरी म्हणजे कसलं असतं, ते मार्लिसनं आता बघून घेतलं होतं. तिनं स्वतः सरकारी मनोरुग्णालयात बावीस वर्षं काढली होती, आणि शिकली होती ती दर शनिवारी नव्वद मैल गाडी हाकत जाऊन, खऱ्या वर्गात, खऱ्या बाकावर. त्या बाकाचा उल्लेख ती दिवसातून एकदा तरी करायची.

दवाखाना म्हणजे जुनं बियाण्यांचं दुकान. ऊन चढलं की भिंतींतून अजून खताचा वास येई. दुपारी मागच्या खोलीत जेवताना मार्लिसची एक करमणूक ठरलेली होती. कॅसिडीच्या शाळेत दर आठवड्याला चर्चा असे. प्रत्येकीनं एका रुग्णाबद्दल नावगाव न सांगता लिहायचं आणि बाकीच्यांपैकी दोघींना उत्तर द्यायचं. उत्तर दीडशे शब्दांचं हवं आणि त्याला दोन संदर्भ हवेत, नाहीतर गुण कापले जात. मार्लिस तिला ती उत्तरं मोठ्यानं वाचायला लावायची. खिडकीत बसून नावं लिहून घेणारी अर्लीनही खसखशीची कोलाची, तिकडचा गोड पाव, तोंडात धरून ऐकायला यायची.

"'कॅसिडी, फारच सुंदर मांडणी. तुझे विचार मला भावले,'" कॅसिडी एका सुरात वाचायची.

"पुढच्या बाईचं वाच."

"'कॅसिडी, तुझे विचार मला भावले. फारच सुंदर मांडणी.'"

अर्लीनला ठसका लागायचा.

त्यांतली एक मात्र वेगळी होती. लुइझियानातली युला बातिस्त, कुठल्याशा वृद्धाश्रमात पाळ्या करणारी. ती दोन ओळींच्या वर कधी गेली नाही. मागच्या आठवड्यात कॅसिडीनं एका खंगलेल्या माणसाबद्दल दोन पानं लिहिली तेव्हा हिचं उत्तर आलं होतं, 'चांगलं लिहिलंय. त्याला जेवायला कोण करून घालतं?'

"ही तर स्वयंपाकीण दिसते," मार्लिस म्हणाली होती. "हिलापण पदवी देणार का?"

"तिचे दर वेळी गुण कापतात," कॅसिडी म्हणाली.

"निदान एका बाबतीत तरी तुमची शाळा बरोबर आहे."

शुक्रवारी कॅसिडीच्या निम्म्या तासांचा अहवाल जायचा होता. मार्लिसनं तो शिसपेन्सिलीनं भरून ठेवला होता. 'रुग्णाशी संवाद' ह्यापुढे असमाधानकारक, 'निर्णयशक्ती' ह्यापुढे असमाधानकारक. सहीची जागा कोरी. सही झाली नाही तर तीनशे तास पाण्यात आणि वर्षही गेलं, आणि शहाऐंशीवं नाव कॅसिडीकडे नव्हतं. अहवाल खिडकीजवळच्या ट्रेमध्ये उताणा पडला होता. कॅसिडी रोज त्याच्या शेजारून जायची आणि मार्लिस तिला जाताना बघायची.

मंगळवारी दहा वाजता लॅडी सेडलाचेक आला.

लॅडी म्हणजे मार्लिसचा अभिमान. वय चौऱ्याहत्तर, घर गावापासून सात मैल उत्तरेला, जमीन पुतण्याला कसायला दिलेली. बारा वर्षांपूर्वी बायको गेली त्या हिवाळ्यात शेजाऱ्यानं त्याला मक्याच्या कोठीच्या माथ्यावरून समजूत घालून खाली उतरवला होता. मार्लिसनं त्याला उभा केला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तो यायचा, डझनभर अंडी आणायचा, दहा मिनिटं बसायचा. बाहेर त्याच्या गाडीच्या खिडकीतून ओटो नावाचा म्हातारा कुत्रा तोंड काढून बसलेला असायचा. मार्लिस मक्याचं विचारायची, मग म्हणायची, "गोळ्या ठीक चालल्यात ना, लॅडी?" तो म्हणायचा, "ठीक." ती औषधाचा कागद फाडून द्यायची. झालं.

"ह्या पोरीला शाळेनं प्रश्न दिलेत," मार्लिस त्या दिवशी म्हणाली. खुर्चीत मागे रेलून तिनं हाताची घडी घातली. "जरा तिचं मन राख."

कॅसिडीनं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. लॅपटॉप खणात गेल्यापासून ती यादी छापून आणायला लागली होती. मार्लिसनं लॅडीकडे बघून भुवई उडवली.

"आज वार कोणता, मिस्टर सेडलाचेक?"

"मंगळवार. मार्लिस चिडलीय म्हणजे मंगळवारच."

"झोप किती तास लागते?"

"कुत्र्याला विचार. तो मोजतो."

मार्लिस हसली. कॅसिडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण बोट कागदावरून खाली सरकत राहिलं. असल्या पोरी ओळ सोडत नाहीत. त्यांना ओळीबाहेर काही दिसतच नाही.

"ह्या गोळ्या सध्या तुमच्या घरात किती आहेत?"

लॅडीनं मांडीवरची टोपी फिरवली, पुन्हा उलटी फिरवली.

"मोजल्या नाहीत."

"साधारण?"

"डबाभर असतील."

"कसला डबा?"

"कॉफीचा. तो मोठा असतो तसला."

मार्लिसच्या तोंडावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढून घ्यायचं तिला सुचलं नाही. त्या नैराश्यावरच्या जुन्या जातीच्या गोळ्या होत्या. रोजची एक माणसाला उभं करते आणि मूठभर खाल्ल्या तर हृदय थांबवतात, हे ती नव्या नर्सेसना शिकवत आली होती.

"म्हणजे तू घेत नाहीस," ती म्हणाली.

"पहिलं वर्ष घेतल्या. मग बरं वाटायला लागलं."

"अकरा वर्षं मी तुला विचारतेय, लॅडी."

"तू विचारतेस, ठीक चाललंय ना. ठीकच चाललं होतं."

"मग दर महिन्याला औषधाच्या दुकानातून उचलतोस कशाला?"

"तू लिहून देतेस म्हणून," तो म्हणाला. "आणि म्हटलं, असू देत. घरात."

कॅसिडीनं तोंड उघडलं. त्याआधीच मार्लिस उठून उभी राहिली. कागद नीट लावल्यासारखं करत ती म्हणाली, "वेडंवाकडं काही मनात नाही ना तुझ्या?"

"नाही."

"मग झालं. परवा मी इथेच आहे. डबा गुरुवारी आण."

"आणतो," लॅडी म्हणाला. अंडी टेबलावर ठेवून तो गेला.

मार्लिसनं दिवसभर कोणाशी सरळ शब्द काढला नाही. अंड्यांवरून अर्लीनला बोलली, कॉफीवरून बोलली, दार जोरात लागतं म्हणून दाराला बोलली. कॅसिडीला म्हणाली, "तुझा सूर फौजदारासारखा होता." शाबास म्हणणं तर दूरच. बाई इतकी वर्षं ज्या माणसाकडे बोट दाखवून मिरवत होती, तो तिच्या औषधाविनाच जगला होता, आणि ते बाहेर काढलं आठ्या घालवणाऱ्या पोरीनं, छापील कागदावरून. हे पचायला जड होतं आणि तिनं ते कोणालाच नीट पचू दिलं नाही.

"मॅडम, तो डबा..." संध्याकाळी कोट घालताना कॅसिडी म्हणाली.

"गुरुवारी येतोय."

बुधवारी चर्चेचा लेख द्यायचा दिवस. दुपारी कॅसिडीनं तो लिहिला आणि दवाखान्याच्या नियमाप्रमाणे पाठवण्याआधी मार्लिसपुढे ठेवला. मार्लिसनं चष्मा लावला. नाव नव्हतं, गाव नव्हतं, ते बरोबर होतं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'माझ्या मार्गदर्शिकेनं रुग्णाला विचारलं की, घरात गोळ्या किती आहेत.'

"हे कोणी विचारलं?"

"तुम्ही," कॅसिडी म्हणाली.

"मी?"

"असं लिहिलंय."

"खोटं बोलायचेही तास मिळतात का तुमच्या शाळेत?"

कॅसिडीनं खिडकीजवळच्या ट्रेकडे पाहिलं. "सही तुमच्याकडे आहे, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढला नाही की कापला नाही. "मला दुसरं कोणी मिळणार नाही. चौऱ्याऐंशी जणींनी उत्तरसुद्धा दिलं नाही."

मार्लिसला त्या क्षणी तिची मनापासून किळस आली. लाळघोटेपणा तिला सरकारी रुग्णालयातल्या साहेबांपासून ठाऊक होता. तिनं खुर्ची ओढली आणि लॅपटॉप स्वतःच्या हातानं पोरीपुढे सरकवला. सहा आठवड्यांत हे पहिल्यांदाच घडलं.

"लिही. 'विचारलं विद्यार्थिनीनं.'"

कॅसिडीनं लिहिलं.

"'मार्गदर्शिकेनं अकरा वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.' पूर्णविराम. पाठव."

"असंच?"

"तुला स्पेलिंग येत नाही का?"

कॅसिडीनं पाठवलं. त्या दिवशीची मुदत होती, साऱ्याजणी आपापल्या घरी पडद्याला चिकटून बसलेल्या. अर्लीन कोलाचीची बशी घेऊन येईपर्यंत पहिली उत्तरं आलीसुद्धा.

"'कॅसिडी, फारच प्रामाणिक मांडणी,'" कॅसिडी वाचायला लागली. "'तुझ्या मार्गदर्शिकेचा मोठेपणा मला भावला.'"

"पुढचं."

"'अशी मार्गदर्शिका लाभणं हे भाग्य आहे. चूक कबूल करायला धैर्य लागतं. ह्याबाबत दोन संशोधनं...'"

कोणी हसलं नाही. मार्लिसला ते ऐकून बरं वाटत होतं. ज्यांना ती सहा आठवडे नावं ठेवत होती त्याच बायांचे तेच तयार शब्द, आणि हिच्या अंगावरून मोरपीस फिरत होतं. आपण चुकलो, आपण सांगितलं, हिशेब मिटला, असं तिला वाटत होतं. ती कोलाचीकडे हात नेत होती.

कॅसिडी वाचता वाचता थांबली.

"काय झालं?"

"युलाचं आलंय."

"स्वयंपाकिणीचं? वाच की."

"'डबा आत्ता कुठे आहे?'"

"मग?"

"एवढंच आहे."

"एकच ओळ," अर्लीन म्हणाली. "आता हिचे सगळेच गुण जाणार."

मार्लिसनं हात मागे घेतला. बोटांना लागलेली साखर तिनं एकेक बोट करून रुमालाला पुसली.

"उद्याच गुरुवार आहे," ती म्हणाली.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग अर्लीनकडे. "लॅडीला फोन लाव."

अर्लीननं लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"दिवसा तो उचलत नाही," मार्लिस म्हणाली, पण तेव्हा तिचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता. "तीन वाजताची बाई उद्यावर टाक. कॅसिडी, तू चल."

उत्तरेचा रस्ता कच्चा होता. एका बाजूचा मका कापून झालेला, दुसऱ्या बाजूचा उभा. धान्याचा एक ट्रक पुढे धूळ उडवत चाललेला, आणि मार्लिस त्याच्या मागे इतकी जवळून गाडी हाकत होती की कॅसिडीनं दाराची कडी धरली.

"तास लिहून ठेव," मार्लिस म्हणाली.

"शाळा प्रवास धरत नाही."

"मी धरते."

लॅडीचं अंगण झाडलेलं होतं. मार्लिसनं दार वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा तिनं मुठीनं वाजवलं. आतून पावलं यायला फार वेळ लागला.

लॅडीनं दार उघडलं. दाढी घोटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बुधवारी दुपारी, घरात एकटा असताना.

"गुरुवारी म्हणालीस," तो म्हणाला.

"म्हणाले होते."

"आज बुधवार आहे. मी वार बरोबर सांगतो, हिनं तपासलंय."

मार्लिसनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. स्वयंपाकघर स्वच्छ, सिंक कोरडं. शेगडीजवळ जिथं कुत्र्याचं अंथरूण असायचं तिथं फरशी नुसती पुसलेली होती.

"ओटो कुठाय?"

"पुतण्याकडे दिला. सकाळी." त्यानं बाहीचं बटण चाचपलं. "त्यांच्या पोरांना आवडतो."

कॅसिडी मागच्या पायरीवर होती. मार्लिसनं काही विचारलं नाही, सुनावलंही नाही. मंगळवारी ही बाई कागद लावत बसली होती, तेव्हा हा माणूस अंडी ठेवून घरी जाऊन कुत्र्याची सोय बघत होता, आणि हे तिला आता, त्याच्या उंबऱ्यावर, शर्टाच्या बटणांवरून कळत होतं.

"डबा दे, लॅडी."

तो आत गेला. डबा टेबलावरच होता, शोधावा लागला नाही. लाल रंगाचा, झाकणाला चिकटपट्टी. त्यानं तो मार्लिसच्या हातात दिला आणि हात मागे घेताना थोडा घुटमळला. ती तो कॅसिडीकडे देऊन वळणार होती. आयुष्यभराची सवय. 'एवढंच ना?' हे शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. तिनं ते गिळले.

"अजून किती आहेत?" ती म्हणाली.

लॅडी तिच्याकडे बघत राहिला, मग कॅसिडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मग वळला आणि आतल्या खोलीत गेला. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. तो दुसरा डबा घेऊन आला, पहिल्याहून लहान, आणि टेबलावर ठेवला.

"अजून?"

"हा शेवटचा."

मार्लिसनं कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी बसली, उठायचं नाही अशी. गुडघा धरून बसायला तिला वेळ लागला. गाडीच्या किल्ल्या तिनं मागे न बघता कॅसिडीपुढे धरल्या.

"डबे गाडीत कुलपात ठेव. पुढच्या चौकात उजवीकडे पहिलं घर पुतण्याचं. कुत्रा घेऊन ये."

"त्यांना काय सांगू?"

"सांग, परत न्यायला आलेय."

कॅसिडीनं दोन्ही डबे छातीशी धरले. ती पायऱ्या उतरून अंगणात पोचली तेव्हा लॅडी दारापर्यंत आला होता. गळ्याचं बटण त्यानं सोडवलं.

"त्याचं ताटही तिकडेच आहे," तो म्हणाला. "पत्र्याचं. तेही आण."